व्ह्यू पॉईंटचा एक दिवसाचा ट्रेक: या चुका टाळा, आणि गडबड झालीच तर काय करायचं

"फेमस ट्रेल आहे रे, लहान पोरं पण जातात, आपल्याला काय होतंय." हे वाक्य ज्या ग्रुपमध्ये ऐकलं त्या ग्रुपमध्ये संध्याकाळपर्यंत कोणाचा तरी बूट, पाणी नाहीतर मोबाईल गंडतोच असा माझा आजवरचा अनुभव आहे. अवघड ट्रेक असला की माणूस भीतीपोटी का होईना तयारी करतो, सोप्या वाटेला मात्र एक बाटली आणि फुल चार्ज मोबाईल घेऊन निघतो. आणि सगळ्यांचं सगळं प्लॅनिंग वर पोचेपर्यंतचं असतं. पण व्ह्यू पॉईंट म्हणजे फक्त अर्धा ट्रेक, उरलेला अर्धा दमलेल्या पायांनी उतरायचाय. सकाळी केलेल्या बऱ्याचशा चुका त्या उतरणीवरच बाहेर येतात.

वेळेचा हिशोब अंतरावर करणं

"सहा किलोमीटर तर आहे, दीड तासात वर." सपाटीवर ठीक आहे, चढाचं काय? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा हिशोब दिला होता, तो आजही कामाला येतो. दर 5 किलोमीटरला एक तास, आणि वर दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे एका बाजूचं अंतर 6 किलोमीटर आणि चढ 600 मीटर असेल तर झाले सव्वादोन तास, तेही न थांबता, आणि चांगला फिट माणूस धरून. आपल्यासारख्या फोटो काढत, कोणाची तरी लेस बांधत जाणाऱ्या ग्रुपने याची दीडपट धरावी, म्हणजे साधारण साडेतीन तास. वर पाऊण तास, उतरायला दोन-अडीच तास. सात तास झाले की! सकाळी सातला निघालात तर दुपारी दोनला खाली, अकराला निघालात तर संध्याकाळी सहा, आणि थंडीच्या दिवसांत सहाला झाडीत अंधारच असतो.

म्हणून निघायच्या आधीच एक परतीची वेळ ठरवा. समजा एक वाजता, जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग व्ह्यू पॉईंट समोर दिसत का असेना. हे खाली गाडीपाशीच सगळ्यांकडून वदवून घ्यायचं, कारण वर "आता आलोच की, दहा मिनिटं फक्त" सुरू झालं की कोणी ऐकत नाही, आणि ती दहा मिनिटं कधीच दहा नसतात. बऱ्याच ट्रेल्सवर एक खोटा माथा लागतो, खालून बघताना वाटतं हाच शेवट, वर गेल्यावर कळतं की पलीकडे अजून एक चढ आहे. नकाशावर आधीच बघून ठेवलं असेल तर निदान मन खचत नाही.

उजेड किती उरलाय याचा एक जुगाड: हात पुढे ताणून बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये जेवढी बोटं मावतील तेवढी पंधरा-पंधरा मिनिटं. चार बोटं म्हणजे साधारण तास. अंदाजच आहे हा, आणि समोर डोंगर असेल तर तुमच्या बाजूला सावली त्याच्या बरीच आधी येते.

बूट, आणि माझा फजितीचा किस्सा

नवे कोरे बूट थेट ट्रेकला घालू नका हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घालतात. पण उलटी चूक कोणी सांगत नाही. मी चार वर्षं कपाटात जपून ठेवलेले भारीतले ट्रेकिंग शूज घालून गेलो होतो, वरून एकदम नवे दिसत होते, आणि उतरायला लागल्यावर विसाव्या मिनिटाला डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला, मगरीने जबडा उघडल्यासारखा, प्रत्येक पावलाला फटक फटक. अर्ध्या तासात उजवाही सुटला. झालं असं की बऱ्याच बुटांच्या सोलमधला फोम पॉलियुरेथेनचा असतो, तो हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, बूट वापरला नाही तरी, आणि हात लावला की भुगा पडतो. तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात जुने बूट घालून तासभर चालून बघा, सोल अंगठ्याने दाबून बघा, भेगा दिसल्या किंवा चुरा निघाला तर सरळ दुसरे बूट.

वाटेत सोल निघालाच तर चिकटपट्टी पायाच्या पुढच्या भागाभोवती, बुटाच्या वरून खालून घट्ट तीन-चार वेढे. मी पाण्याच्या बाटलीभोवती दोन मीटर जाड कापडी टेप गुंडाळूनच ठेवतो आता, जागा पण लागत नाही. त्या दिवशी टेप नव्हता म्हणून सॅकची दोरी कापून बांधली, ती दगडांवर घासून तीनदा तुटली.

बूट घेताना संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. उतरताना बोटं पुढे आपटून नखं काळीनिळी होतात त्याचं कारण हेच, घोट्यापाशी लेस ढिली आणि पुढे जागा नाही. उतरायच्या आधी दोन मिनिटं थांबून लेस वरच्या भोकांपर्यंत पुन्हा घट्ट बांधा. नखं आदल्या दिवशी कापा.

फोडाचं सांगायचं तर तो अचानक येत नाही. आधी टाचेपाशी नाहीतर करंगळीपाशी एक गरम चटका जाणवतो. तिथेच थांबायचं. ग्रुप पुढे जातोय, लाज वाटते, बघू पुढे, असं करत गेलात की अर्ध्या तासात पाण्याने भरलेला फोड तयार. बूट काढा, पाय कोरडा करा, खडा असेल तर झटका, चटक्यावर टेप लावा. फोड आलाच असेल आणि चालता येत असेल तर फोडू नका, भोवती जाडसर पट्टी लावून मधली जागा मोकळी ठेवा.

पाणी

साधारण तासाला अर्धा लिटर धरा, कडक उन्हात त्याहून जास्त, म्हणजे सात तासांना साडेतीन लिटर. जड आहे, मान्य, पण पिऊन पिऊन हलकं होतं ना. अर्ध्याहून जास्त पाणी चढतानाच संपलं असेल तर ती मागे फिरायची खूण समजा. दुसरीकडे, तहान नसताना भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहणं पण बरोबर नाही, घामातून मीठ जातं आणि वरून पाणीच पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं, ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून लोक अजून पाणी पाजतात आणि प्रकरण वाढतं. तहानेप्रमाणे प्या आणि सोबत काहीतरी खारट खात रहा.

पोटरीत गोळा आला तर चोळत बसण्याआधी पाय सरळ करून चवडा स्वतःकडे ओढा, सावकाश, अर्धा मिनिट धरून ठेवा. मग थोडं खाऊन हळू चाल. गोळे बहुतेक वेळा सुरुवातीला पळत सुटणाऱ्यांनाच येतात. चढताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटत असेल तर स्पीड जास्त आहे.

उन्हात कोणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर तो थकवा नाही. सावलीत घ्या, कपडे ढिले करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच मदत बोलवा.

कपडे

कॉटनचा टीशर्ट घामाने भिजतो आणि वाळत नाही, वर वाऱ्यात दहा मिनिटं बसलात की दात वाजतात. उंचीप्रमाणे तापमान दर 1000 मीटरला साधारण साडेसहा अंशाने उतरतं, वाऱ्याचं वेगळंच. लवकर वाळणारा टीशर्ट आणि सॅकमध्ये एक पातळ जॅकेट, बस.

मोबाईलवर सगळा भरवसा

रेंज नसली की मोबाईल सतत टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो. एअरप्लेन मोडवर टाका. जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला रेंज लागत नाही, फक्त नकाशा घरूनच डाऊनलोड केलेला हवा. आणि मोबाईलचा टॉर्च म्हणजे टॉर्च नाही, एक हात कायम अडकतो आणि नेमका घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर, आधाराला तोच हात लागतो. छोटा हेडटॉर्च न्या, दुपारी परत येणार असलात तरी.

गर्दीच्या वाटेवर रस्ता चुकत नाही हा अजून एक गैरसमज. उलट पुढच्याच्या मागे मागे जायची सवय लागते आणि तो शॉर्टकट मारत कुठल्या तरी ढोरवाटेला लागलेला असतो. पायवाट अरुंद व्हायला लागली, झुडपं अंगाला लागायला लागली, वाटेत कागद-बाटल्या (दुर्दैवाने हीच आपली खूण) दिसेनाशा झाल्या, की थांबा. शेवटची ओळखीची जागा कुठली होती तिथपर्यंत आल्या पावली मागे जा. "खाली उतरलो की कुठेतरी निघूच" म्हणून ओढ्यातून उतरू नका, ओढा पुढे धबधब्याच्या कड्यावर नेऊन सोडतो आणि मग वर पण येता येत नाही. मागची वाट सापडतच नसेल तर एका जागी बसा आणि शिट्टी वाजवा: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं असतं. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत फोन येईल हे घरी कोणाला तरी सांगून ठेवलं असेल तर शोधायला तरी कोणी येईल.

वर पोचल्यावर

कठड्यावर चढून फोटो नको, हे बोलून मी थकलो. कड्याची कड खालून पोखरलेली असू शकते, वरून दिसत नाही. आणि स्क्रीनमध्ये बघत मागे सरकायचं नाही, फोटो काढणाऱ्यानेही नाही. आधी जागा बघा, पाय रोवा, मग मोबाईल काढा.

विजेचं मात्र अजिबात अंगावर काढू नका. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, उघड्या माथ्यावरून, लोखंडी रेलिंगपासून, एकट्या झाडाखालून निघा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नका.

उतरताना

खाली घाईने उड्या मारत येणाऱ्यांचे गुडघे दुसऱ्या दिवशी बोलतात. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, काठी असेल तर चढापेक्षा थोडी लांब करून. घसाऱ्यावर मागे रेललात की पाय सटकतो, वजन पायांवरच ठेवा. चढून येणाऱ्यांना आधी वाट द्या, आणि बाजूला होताना डोंगराच्या बाजूला व्हा, दरीच्या नाही.

मांड्या दोन-तीन दिवस दुखणार, जिना उतरताना ओय ओय होणार, ते नॉर्मल आहे. पण एकाच गुडघ्याला सूज आली किंवा पाय टेकवतच नसेल तर डॉक्टरकडे जा. आणि बूट ओले असतील तर आतली पट्टी काढून सावलीत वाळवा, ओलेच पिशवीत कोंबून कपाटात टाकू नका, माझ्या त्या बुटांचं मी तेच केलं होतं.