इमिग्रेशन इमिग्रेशन करताना होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या काकू पहिल्यांदाच लेकाकडे अमेरिकेला गेल्या. विमानात सगळे "आता इमिग्रेशन, मोठी लाइन असणार" करत होते ते यांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि काउंटरवरच्या माणसाने कशाला आलात विचारल्यावर काकूंनी ठणकावून सांगितलं, "इमिग्रेशन!" झालं. व्हिसा टुरिस्टचा, बॅगेत मेतकूट नि गोडा मसाला, आणि बाई म्हणतायत कायमची राहायला आलेय. बाजूला बसवलं, फोनवर दुभाषा आणला, दीड तासाने सुटका.

दोष काकूंचा नाही हो, आपण सगळेच हा शब्द कुठेही चिकटवतो. पासपोर्टवर शिक्का मारतात ती लाइन इमिग्रेशन, पोराला कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळाला तरी "त्याचं इमिग्रेशन झालं", आणि व्हिसाचे फॉर्म भरणारा एजंटसुद्धा इमिग्रेशनवाला. मूळ अर्थ एवढाच की परक्या देशात राहायला येणं. त्यामुळे फिरायला जाताय तर उत्तर साधं द्या, मुलाकडे आलेय, अमुक तारखेला परत. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाच्या इंटरव्ह्यूत तर तुम्ही तिकडेच राहणार असं आधीच गृहीत धरलेलं असतं, परत येणार हे तुम्हाला पटवून द्यायचं असतं, तिथे हा शब्द तोंडातून काढूच नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते. अमेरिकेचा व्हिसा 10 वर्षांचा म्हणजे 10 वर्षं राहता येतं असं समजणारे लोक मी स्वतः बघितलेत. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी, आत किती दिवस राहायचं ते इमिग्रेशनचा ऑफिसर ठरवतो, टुरिस्टला साधारण 6 महिने देतात. ती तारीख आय-94 नावाच्या नोंदीत असते, ऑनलाइन दिसते, उतरल्यावर त्याच आठवड्यात बघून घ्या. तारखेनंतर 180 दिवसांपेक्षा जास्त राहून मग बाहेर पडलात तर 3 वर्षं बंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर 10 वर्षं.

आता खरी गंमत. इंग्रजीत देशात येण्याला immigration आणि देश सोडून जाण्याला emigration असे दोन वेगळे शब्द आहेत, पण देवनागरीत बऱ्याचदा दोन्ही "इमिग्रेशन"च लिहिले जातात! पुस्तकात आप्रवास आणि उत्प्रवास असे शब्द सापडतील पण बोलतं कोण. याचा फटका बसतो आखातात नोकरीला जाणाऱ्यांना. दहावी पास नसेल तर पासपोर्ट सहसा ईसीआर असतो, म्हणजे देश सोडण्याआधी तपासणी लागणारा, आणि आखात धरून 18 देशांत कामाला जायचं तर भारत सरकारचं क्लिअरन्स लागतं, 1983 च्या कायद्याने. हे क्लिअरन्स देश सोडण्याचं, निघायच्या आधी घ्यायचं. लोकांना वाटतं इमिग्रेशन काय, एअरपोर्टवर होऊन जाईल, आणि मग तिथूनच परत पाठवतात. "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे कन्व्हर्ट करू" म्हणणारा एजंट भेटला तर सरळ उठून या.

गोव्यात वेगळाच घोळ. 19 डिसेंबर 1961 आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, त्याला पण लोक इमिग्रेशन म्हणतात. अहो, म्हापशातल्या घरातून न हलता माणूस पोर्तुगीज होतो, यात कोण कुठे गेलं? मात्र ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि इथला पासपोर्ट परत करावा लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत.

आणि बीडहून उसतोडीला जाणारी माणसं किंवा मुंबईत आलेले चाकरमानी, परप्रांतीय, यांना इमिग्रंट म्हणू नका, देश एकच आहे, ते स्थलांतर.

मेतकुटाचा प्रश्न राहिलाच. सामान तपासतात ते कस्टम्स, इमिग्रेशन नाही, बॅगा घेतल्यावर ते वेगळं येतं. काकूंनी पहिल्याच काउंटरवर डबा उघडून दाखवला होता.