वाचनालयातल्या ब्राउझरला कुलूप लावताना या चुका टाळा

मुंबईतल्या एका वाचनालयाच्या अभ्यासिकेतले कॉम्प्युटर बघायला मी अधूनमधून जातो. सगळ्यांची नजर गेम खेळणाऱ्या पोरांवर. डाउनलोड्स फोल्डर उघडला, तर त्यात अनोळखी सभासदांची आधार कार्डं, हॉल तिकिटं, पगाराच्या स्लिपा! बंदोबस्त नको तिथे झाला होता.

'पोरं लपून काय बघतात' या धास्तीने इन्कॉग्निटो, म्हणजे खिडकी मिटली की इतिहास आणि लॉगिन विसरणारा मोड, बंद करणं ही सगळ्यात मोठी चूक. सार्वजनिक मशीनवर नेमकं उलटं हवं. क्रोमच्या 'इन्कॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी' पॉलिसीला (पॉलिसी म्हणजे ॲडमिनने लादलेलं सेटिंग) 1 दिलं की इन्कॉग्निटो बंद होतं. 2 दिलं की फक्त तेच चालतं. 2 ठेवा. पण त्यावर विसंबूनही राहू नका. इन्कॉग्निटोची शेवटची खिडकी मिटेपर्यंत आधीच्या माणसाचं लॉगिन जिवंत असतं आणि डाउनलोड केलेली फाइल तर खिडकी मिटल्यावरही डिस्कवर राहते. ती साफ करायचं काम तुमचंच. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'पब्लिक ब्राउझिंग' किऑस्क मोड, म्हणजे सार्वजनिक मशीनसाठीचा बांधलेला मोड, तयार मिळतो. कोणी हात लावला नाही तर तो सगळं पुसून नव्याने सुरू होतो. वेळ बदलली नसेल तर 5 मिनिटांत. फोनवर ओटीपीची वाट बघणाऱ्याला ती पुरत नाहीत, मी 15 ठेवतो.

दुसरी चूक, ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे बंद साइटच्या यादीत, नुसता * टाकून सगळंच बंद करणं आणि चार साइट उघड्या ठेवणं. एमपीएससीचा फॉर्म उघडतो, भरूनही होतो. फी भरायला पान बँकेकडे गेलं की अडकतं. मग काउंटरवर भांडण. पॉपअप सरसकट बंद केल्यावरही तेच.

फाइल निवडायची खिडकी बंद करायचा मोहही होतो, कारण कंट्रोल-ओ दाबून कोणीही सी ड्राइव्हपर्यंत पोचू शकतं. पण ती गेली की फोटो आणि सही अपलोड करता येत नाही, म्हणजे अर्धे लोक ज्यासाठी येतात तेच काम थांबतं. त्याऐवजी 'फाइल://' (मशीनमधल्याच फाइली ब्राउझरमध्ये उघडणारा पत्ता) ब्लॉक करा आणि विंडोजचं खातं साधं ठेवा, ॲडमिनचं नको. पासवर्ड सेव्ह करणं आणि एक्स्टेंशन मात्र बिनदिक्कत बंद.

सेटिंग लावलं तरी फरक पडत नाही? 'क्रोम://पॉलिसी' उघडा, तिथे पॉलिसी दिसत नसेल तर ती पोचलेलीच नाही. बहुतेक वेळा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) ती 'करंट यूजर'खाली, म्हणजे तुमच्याच खात्यापुरती पडलेली असते. 'लोकल मशीन'खाली हलवा. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:पॉलिसीज' बघा. तिथे पॉलिसीज.जेसन फाइल इन्स्टॉल फोल्डरमधल्या 'डिस्ट्रिब्यूशन'मध्ये लागते, आणि नोटपॅड तिला गुपचूप .टीएक्सटी शेपूट लावतं. माझा त्यात एक अख्खा शनिवार गेलाय.

आणि क्रोम इतकं बांधून झाल्यावर टास्कबारवर दुसरा ब्राउझर मोकळा तर नाही ना, तेही बघा.