गच्चीच्या मापाने बेतलेली इमारत

मुंबईत शून्य-ऊर्जा इमारत बांधायची तर हिशेब गच्चीपासून सुरू करा. वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी तिथेच तयार व्हायला हवी, आणि आपल्याकडे त्यासाठी मोकळी जागा गच्चीचीच. एक किलोवॉट सोलरला साधारण १० चौरस मीटर लागतात आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. जुलैत त्याहून बरेच कमी.

समजा सात मजले, २८ घरं, ३०० चौरस मीटर गच्ची. टाकी, लिफ्टची खोली आणि ये-जा करायची वाट सोडून २०० हाती लागले, तर २० किलोवॉट बसतात, म्हणजे महिन्याला सुमारे २,४०० युनिट. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांना ६०० गेले की घरामागे ६४ उरतात. एसी लावणाऱ्या घराला एवढ्यात भागवणं अशक्य. म्हणून आधी वापर उतरवायचा, मग पॅनल मोजायचे. वीस मजल्यांचा टॉवर केवळ गच्चीवर शून्याला येत नाही. ग्राहकाला ते स्पष्ट सांगा आणि कमी पडणारी वीज हरित दराने, म्हणजे अक्षय स्रोतांतली, वीज कंपनीकडून घ्या.

सर्वात मोठी बचत पंख्यात आहे. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशविना चालणाऱ्या मोटरचा) ३०. चार पंखे रोज दहा तास फिरले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात.

पण पंख्याने भागायचं तर घर तापता कामा नये. दक्षिणेच्या खिडकीला अर्ध्या मीटरचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तो कुचकामी, कारण चार-पाच वाजता ऊन तिरकं आत घुसतं. तिथे उभ्या पट्ट्या, खोल बाल्कनी किंवा बाहेरून बांबूच्या काड्यांचे (चिक) पडदे लावा. काचेच्या आतला पडदा ऊन उशिरा अडवतो, उष्णता तोवर खोलीत आलेली असते. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, म्हणून बिजागरीच्या खिडक्या घ्या आणि समोरच्या भिंतीत वाऱ्याला बाहेर पडायला वाट ठेवा. भिंतींना एएसी ब्लॉक (उष्णता कमी आत सोडणारे हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे), गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा चिनी मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरून तो काळा पडतो. ऑक्टोबरच्या उन्हाआधी घासून घ्या.

टाकी आणि लिफ्टची खोली उत्तरेच्या टोकाला हवी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि ३ मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे पावणेतीन मीटर लांब पडते. सावलीतलं एक पॅनल त्याच ओळीतल्या बाकीच्यांनाही मागे ओढतं. सावली झाडाची असेल तर पॅनल सरकवा. झाड आपल्या आधीपासून तिथे आहे, त्यावर पक्ष्यांची घरटी आहेत. दोन पॅनलसाठी ते तोडणं हा अन्यायच.

इमारतीमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशेब विजेवर संपत नाही, सिमेंट आणि लोखंड बनवतानाचाही धरावा लागतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून स्लॅग सिमेंट (पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेलं) वापरा. मात्र ते सुरुवातीला ताकद सावकाश धरतं, तेव्हा क्युरिंगमध्ये (काँक्रीटला पाणी मारत ठेवण्यात) आणि सेंटरिंग (खालचा आधार) काढताना घाई नको. पुनर्विकासात जुनी सागवानी दारं-चौकटी जपून काढा, विटांचे तुकडे कोब्यात वापरा. डेब्रिजचा एकही ट्रक खाडीकाठच्या कांदळवनात रिकामा होऊ देऊ नका.

पॅनलचा सांगाडा गरम जस्तलेपाचा (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या; खाऱ्या हवेत साधं लोखंड काही वर्षांतच गंजतं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर स्लॅबला भोकं पाडून सांगाडा बसवला की पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावर गळती लागते. सांगाड्यासाठी काँक्रीटचे पेडेस्टल (ठेंगणे खांब) स्लॅबबरोबरच ओता, वॉटरप्रूफिंग त्यांच्या बाजूंवर चढवा, मग गच्चीत ४८ तास पाणी तुंबवून खालचं छत तपासा. ते कोरडं राहिलं तरच पॅनल चढवा.