हेदुस: गोड शब्द आणि त्यातला लांब ‘ओ’

प्राचीन ग्रीकची पहिली दोन डिक्लेन्शन्स (नामं-विशेषणं विभक्तीत चालवण्याचे साचे) पाठ झाली, तिसरं बऱ्यापैकी जमतंय, अशा वेळी ‘हेदुस’ समोर येतो. अर्थ गोड, सुखद. चवीला, वासाला, झोपेलासुद्धा. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो घरचा वाटेल, कारण हा ‘स्वादु’चाच भाऊ. सुरुवातीचे स आणि व ग्रीकमध्ये झिजले, उरला ह. तमभाव (‘सर्वांत गोड’ सांगणारं रूप) ‘हेदिस्तोस’ म्हणजे स्वादिष्ठ, आपण जेवताना म्हणतो तोच स्वादिष्ट. हे कळलं त्या दिवशी मला अभ्यास सोडवेना.

पुल्लिंगी हेदुस, स्त्रीलिंगी हेदेइआ, नपुंसकलिंगी हेदु. स्त्रीलिंगी रूप पहिल्या डिक्लेन्शनने चालतं, बाकीची दोन तिसऱ्याने. इथवर कुणी अडत नाही.

घात षष्ठीत होतो. ‘पॉलिस’ म्हणजे नगर, त्याची षष्ठी ‘पॉलेओऽस’. शेवटचा ओ दीर्घ, म्हणजे ओमेगा हे अक्षर (दीर्घ ओसाठी इथे अवग्रह घालतेय). ती सवय हेदुसला लावलीत की फसलात. त्याची षष्ठी ‘हेदेओस’, ओ ऱ्हस्व, म्हणजे ओमिक्रॉन हे अक्षर. चुकीचं रूप निरर्थक असतं तर लगेच खटकलं असतं. पण ‘हेदेओऽस’ हा खराच शब्द आहे: क्रियाविशेषण, ‘आवडीने’. आघातही त्याच अक्षरावर. परीक्षेत ‘हेदेओऽस तू ओइनू पिनेइ’ आलं आणि मी लिहिलं, ‘तो गोड वाइनमधली थोडी पितो’. ओइनू (वाइन) षष्ठीतच, म्हणून शंकासुद्धा आली नाही. खरा अर्थ, ‘तो त्या वाइनमधली आवडीने पितो’. ‘गोड’ म्हणायचं असतं तर शब्द आर्टिकल (इथे ‘तू’, इंग्रजी ‘द’सारखं) आणि नामाच्या मध्ये बसला असता: ‘तू हेदेओस ओइनू’. त्या एका ओने अख्खं भाषांतर गेलं, आणि ते अजून सलतं.

अॅपवरचे रंगीत तक्ते यात कामाला येत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. तिथे बोट फिरतं, कान झोपलेला असतो. ऱ्हस्व-दीर्घ मोठ्याने म्हणून घेणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका. नाही मिळाला तरी घाबरू नका. रोज दहा ओळी स्वतःच मोठ्याने वाचल्या तरी महिन्याभरात कान तयार होतो. माझा झाला.

अर्थाबाबत एवढंच, की प्रत्येक ठिकाणी ‘गोड’ लिहू नका. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात ओदिसेउस हा राजा थेर्सितेस या उद्धट सैनिकाला राजदंडाने मारतो, तेव्हा सैन्य ‘हेदु’ हसतं. इथे नपुंसकलिंगी रूपच क्रियाविशेषण झालंय. थेर्सितेसच्या पाठीवर रक्ताळलेला वळ उठलाय, तो डोळे पुसतोय, आणि स्वतःचं मन खिन्न असतानाही सैनिक पोटभर हसतायत.