थर्मोस्टॅटवरचा फॅन: या चुका टाळा

ह्यूस्टनमध्ये उन्हाळा सुरू झाला की ओळखीतल्या नवीन आलेल्या कुणाचा तरी फोन येतोच, एसी चालू आहे पण घर चिकट वाटतंय. मी आधी एकच विचारतो, थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान लावायच्या भिंतीवरच्या डबीवर, फॅन कशावर ठेवलाय? बहुतेकांचं उत्तर, ऑनवर.

सगळ्यात मोठी चूक हीच. ऑन म्हणजे एसी चालू असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. हा फॅन म्हणजे अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) नाहीतर क्लॉजेटमध्ये (भिंतीतल्या कपाटात) बसवलेला ब्लोअर, डक्टमधून घरभर हवा ढकलणारा. ऑटोवर तो कूलिंग किंवा हीटिंग चालू असेल तेव्हाच फिरतो, ऑनवर चोवीस तास फिरतो, हवा थंड होत असो वा नसो.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबांचं म्हणणं, घरात हवा खेळती पाहिजे, म्हणून त्यांनी फॅन ऑन करून टाकला आणि माझं लक्षच नाही. आठवड्यात चादरी दमट, आईने आणलेले पापड सादळले, क्लॉजेटला कुबट वास, आणि तापमान बघावं तर ७५ फॅरनहाइटवर बरोबर! कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटं बघून म्हणाला युनिट लहान पडतंय, बदला. हजारो डॉलरचा सल्ला, आणि त्याने फॅनच्या बटणाकडे बघितलंसुद्धा नाही, याचा मला अजून राग येतो. मी साधा ह्युमिडिटी मीटर आणला, ६६ टक्के. फॅन ऑटोवर केला, दोन दिवसांत ५२ वर आला.

कारण सरळ आहे. कूलिंग चालू असताना हवेतलं पाणी कॉइलवर, म्हणजे युनिटमधल्या थंड नळ्यांवर, जमतं आणि ड्रेनमधून जातं. कॉम्प्रेसर थांबला तरी कॉइल ओलीच असते, त्यावरून ब्लोअर फिरत राहिला की तेच पाणी परत घरात येतं, ओल्या टॉवेलसमोर टेबलफॅन लावल्यासारखं. शिवाय इथे ह्यूस्टनमध्ये डक्ट तापलेल्या अ‍ॅटिकमधून जातात, म्हणजे फुकटची गरमी पण आत. फिनिक्ससारख्या कोरड्या गावात ऑन ठेवलात तर दमटपणाचा त्रास नाही, वीज मात्र जातेच.

वरचा मजला तापत असेल तर फॅनचा तिसरा पर्याय, सर्क्युलेट, वापरा. हनीवेलच्या थर्मोस्टॅटवर त्यात फॅन साधारण ३५ टक्के वेळ फिरतो. मी मात्र उन्हाळ्यात तेही टाळतो.

फोडणीचा धूर घालवायला फॅन ऑन करू नका. बहुतेक घरांत हा फॅन बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो, त्यामुळे वास बेडरूमपर्यंत पोचतो. बाहेर हवा टाकणारा हुड असेल तर तो लावा, नाहीतर खिडकी उघडा.

फिल्टर. माझ्याकडे एक इंची आहे, दर महिन्याच्या एक तारखेला काढून उजेडात धरतो, आरपार दिसलं नाही तर बदलतो. फिल्टरवरचा बाण ब्लोअरकडे ठेवायचा.

आता घाईवाले. ७८ वरून एकदम ६५ करतात, लवकर गार होईल म्हणून. साधं युनिट एकाच वेगाने चालतं, ६५ लावल्याने फक्त उशिरा थांबतं. मग लगेच गार होत नाही म्हणून बंद-चालू, बंद-चालू करत बसतात. कॉम्प्रेसर वाचवायला परत चालू करण्याआधी थर्मोस्टॅट पाच एक मिनिटं मुद्दाम थांबतो हो, तेवढा दम धरा.

कॉइलवर बर्फ जमला तर मात्र ऑन कामाचा आहे. कूलिंग बंद करा, फॅन ऑन ठेवा, काही तास लागतात, बर्फ टोचून काढू नका, कॉइल फाटते. वितळल्यावर फिल्टर बघा. तो स्वच्छ असूनही परत बर्फ आला तर एसीतला गॅस कमी असू शकतो, तिथे टेक्निशियनच पाहिजे.

आणि ऑटोवर ठेवूनही ब्लोअर थांबतच नसेल तर आधी बघा कुणी परत ऑन किंवा सर्क्युलेट तर लावलं नाही ना. नसेल तर ब्रेकर पाडा, थर्मोस्टॅटच्या जी (G) टर्मिनलची, म्हणजे फॅनची, वायर काढा, बहुतेक हिरवी असते, मग ब्रेकर परत चालू करा. तरीही फिरतोय? मग थर्मोस्टॅट बदलण्यात पैसे घालू नका, गडबड बहुधा वायरिंगमध्ये किंवा फर्नेसच्या (हीटिंगच्या युनिटच्या) बोर्डात आहे, टेक्निशियनला फोन करताना हेच सांगा.