पेलेट ग्रिल असो की लाकडावरचा स्मोकर, या चुका टाळा

टेक्ससमध्ये घर घेतलं की वर्ष-दोन वर्षांत बॅकयार्डमध्ये स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस सावकाश शिजवायची भट्टी, येतोच. मग मंडळाच्या पिकनिकला दोन तट पडतात: एक लाकडं जाळणाऱ्यांचा, दुसरा लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट) आपोआप जाळणाऱ्या पेलेट ग्रिलवाल्यांचा. एक म्हणतो, पेलेट ग्रिल म्हणजे अंगणात ठेवलेला ओव्हन, त्यात कसलं आलंय कसब! दुसरा म्हणतो, पहाटे चारला उठून लाकडं सारत बसायची हौस कुणाला? वाद रंगतो, पण दोघांचंही मांस बऱ्याचदा फसलेलं असतं. पेलेट ग्रिल तुमच्या डोक्यावरचं एकच काम उतरवतो, ते म्हणजे आच सांभाळणं. धूर चांगला की वाईट, मांस झालं की नाही, ते कधी झाकायचं आणि कसं कापायचं, हे सगळं अजून तुमच्याकडेच आहे.

पांढरा धूर बघून खूश होणं

धुराड्यातून पांढरे लोट निघाले की नवख्याला वाटतं, झकास चाललंय. हाच धूर मांस कडू करतो. लाकडाला हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं की ते जळण्याऐवजी धुमसतं, आणि त्यातून निघणारा राळेसारखा चिकट अंश मांसावर बसतो. खाताना जीभ चुरचुरते, तोंडात जळकट चव रेंगाळते. हवा असतो तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर.

ऑफसेट स्मोकरमध्ये, म्हणजे आग पेटवायची पेटी (फायरबॉक्स) शेजारी वेगळी असलेल्या स्मोकरमध्ये, ही चूक फार होते. आच जास्त झाली म्हणून लोक धुराडं अर्धं बंद करतात आणि धूर आतच कोंडतो. धुराडं कायम पूर्ण उघडं ठेवा. आच कमी-जास्त करायची ती फायरबॉक्सच्या हवेच्या झडपेने आणि लाकडाच्या आकाराने. मोठा ओंडका टाकून झडप बंद करण्यापेक्षा मनगटाएवढी फाळकी, थोड्या-थोड्या वेळाने, जिवंत निखाऱ्यांवर टाका. पुढचं फाळकं फायरबॉक्सच्या पत्र्यावर आधीच ठेवून गरम करा, म्हणजे आत टाकल्यावर ते लगेच पेट घेतं. टाकल्यावर मिनिटभर पांढरा धूर येणारच, त्याने घाबरू नका. ज्वाळा दिसली नाही तर मात्र फायरबॉक्सचं दार उघडा आणि जाळ धरेपर्यंत तिथेच थांबा. या वेळी बिअर आणायला आत गेलात की घात झालाच म्हणून समजा.

लाकूड वाळलेलं हवं, ओलावा साधारण २० टक्क्यांच्या आसपास. मध्य टेक्ससमध्ये पोस्ट ओक चालतो. हिकरी, पिकॅन, सफरचंदाचं लाकूडही छान. मेस्कीट तिखट धुराचं, त्यामुळे तासन्‌तास चालणाऱ्या कामाला जपून वापरा. पाइनसारखं राळेचं लाकूड तर आणूच नका. ढलप्या पाण्यात भिजवून टाकायची सवयही सोडा. पाणी लाकडात फारसं मुरत नाही, आधी त्याची वाफ होते आणि तोवर आच पडते.

आणि एक स्पष्टच सांगतो: मोठ्या दुकानात मिळणारा पातळ पत्र्याचा स्वस्त ऑफसेट परंपरेच्या प्रेमापोटी घेऊ नका. त्याची धग टिकत नाही, फटींतून हवा शिरते, आणि उत्तम लाकूडही त्यात वाया जातं. त्यापेक्षा कोळशावरचा, गोल झाकणाचा साधा केटल ग्रिल बरा. कडेने ब्रिकेटची (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्यांची) दोन-दोनची अर्धवर्तुळाकार रांग लावायची, वर लाकडाच्या चार ढलप्या ठेवायच्या आणि एका टोकाला पेटवायचं. ती रांग सावकाश जळत राहते आणि आच कित्येक तास टिकते.

पेलेट ग्रिलकडून नको ती अपेक्षा

पेलेट ग्रिलची कल्पना ओरेगनच्या जो ट्रेगरची. १९८६ मध्ये पेटंट मिळालं, ते २००६ मध्ये संपलं, आणि मग इतर कंपन्यांचे ग्रिल बाजारात आले. आत एक फिरता स्क्रू पेलेट थोडे-थोडे पुढे ढकलतो, पंखा हवा देतो, कंट्रोलर तापमान राखतो. आग लहान आणि स्वच्छ जळते, म्हणूनच धुराची चव सौम्य येते. हा बिघाड नव्हे. तरी लोक ३०० अंश फॅरनहाइटला चिकन भाजतात आणि धुराचा वासच नाही म्हणून तक्रार करतात. जास्त तापमानाला धूर जवळजवळ नसतोच. पहिले दोन-तीन तास १८० ते २२५ अंशांवर चालवा आणि मांस थेट फ्रिजमधून काढून आत ठेवा. थंड, ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला बसतो. तेवढ्याने भागलं नाही तर पेलेट भरून पेटवायची जाळीची नळी मिळते, ती आत ठेवा.

पेलेटची पिशवीही वाचून घ्या. वर 'हिकरी' लिहिलेलं असलं तरी आत बरंचसं ओक किंवा आल्डर असू शकतं. पेलेट दमट झाले की फुगून भुसा होतो, तो स्क्रूमध्ये अडकतो, आणि मध्यरात्री ग्रिल बंद पडतो. ह्यूस्टनच्या दमट हवेत पिशवी उघडी ठेवणं म्हणजे हे हमखास होणार. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. चांगला पेलेट मोडताना कट्‌कन आवाज येतो.

आग मध्येच विझली तर सरळ पुन्हा सुरू करू नका. तोवर आगीच्या वाटीत पेलेटचा ढीग साचलेला असतो. तो एकदम पेटला की झाकण उडण्याइतका भडका होऊ शकतो. आधी ग्रिल निवू द्या, वाटी रिकामी करा, राख काढा, मगच सुरू करा. काम झाल्यावर प्लग खेचूनही बंद करू नका, बंद होण्याची प्रक्रिया पूर्ण होऊ द्या.

झाकणावरच्या काट्यावर विसंबणं

तो काटा झाकणाजवळचं तापमान सांगतो. मांस असतं जाळीवर, आणि दोन्हींत वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो. जाळीवर लावायचा वेगळा प्रोब, म्हणजे तापमान मोजायची सळई, घ्या. तो उकळत्या पाण्यात २१२ अंश दाखवतो ना, तेही पाहा. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावी पाणी २०२-२०३ लाच उकळतं, तेव्हा प्रोब खराब समजून फेकू नका.

घड्याळ बघून मांस काढणं

सगळ्यात जास्त मांस इथे वाया जातं. ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा भाग) घ्या किंवा बीफ खात नसाल तर पोर्क शोल्डर, आतलं तापमान भराभर चढतं आणि १५०-१७० अंशांच्या दरम्यान (६५ ते ७७ सेल्सिअस) ठप्प होतं. दोन तास गेले, चार तास गेले, काटा हलत नाही. पाहुणे यायची वेळ झाली म्हणून लोक आच वाढवतात, पुन्हा पुन्हा झाकण उघडतात, किंवा 'झालं असेल' म्हणून मांस काढतात आणि चामडं चावत बसतात. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की हा सगळा बाष्पीभवनाचा खेळ आहे. माठ जसा पाझरून पाणी गार ठेवतो, तसा मांसावरचा ओलावा उडताना त्याला गार ठेवतो.

उपाय दोन: थांबणं किंवा गुंडाळणं. फॉइलमध्ये गुंडाळलं की लवकर होतं, पण वरची कुरकुरीत काळी साल, जिला 'बार्क' म्हणतात, मऊ पडते. ऑस्टिनच्या बार्बेक्यूवाल्या ॲरन फ्रँकलिनमुळे घरोघरी पोचलेला बुचर पेपर, म्हणजे खाटकाचा जाड कागद, वाफ थोडी बाहेर सोडतो, त्यामुळे साल बरी राहते. मी पेपरच वापरतो, पण साल गडद झाल्यावर आणि नखाने खरवडून निघेनाशी झाल्यावर. त्याआधी गुंडाळणं ही वेगळीच चूक.

फोनवरच्या ॲपने २०३ अंशांचा गजर दिला म्हणजे मांस झालंच, असं नाही. १९५ ते २०५ हा अंदाज आहे. मांस चिवट करणारं कोलॅजन विरघळलं की नाही हे हाताला कळतं. प्रोब सगळ्यात जाड भागात टोचा. लोण्यात गेल्यासारखा सरकला तर काढा, अडकला तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. पेलेट ग्रिल घेतल्यावर ज्यांनी हे शिकणं सोडलं, त्यांचं मांस ऑफसेटवाल्यांपेक्षा वाईट होतं.

कापल्यावर गुलाबी कडा दिसली नाही म्हणून हिरमुसू नका. ती आगीतल्या वायूंची मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी झालेली क्रिया आहे, चवीशी तिचा संबंध नाही.

चिकन आणि मटणाला ब्रिस्केटचे नियम लावणं

आपल्याकडे हे फार होतं. दही-मसाला लावलेलं चिकन २२५ वर चार तास ठेवलं की त्वचा रबरासारखी होते. चिकनमध्ये विरघळवायला फार कोलॅजन नाही. ग्रिल ३२५ च्या वर न्या आणि जाड भागात १६५ (७४ सेल्सिअस) झालं की काढा. टेक्ससमधल्या लेक्सिंग्टनच्या 'स्नोज' या बार्बेक्यूच्या हॉटेलात १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमनेट्झ चिकन थेट निखाऱ्यांवर शिजवतात, फावड्याने निखारे खाली सारत. लांब धुरी हीच टेक्ससची एकमेव रीत, हा समज त्यांच्याकडे पाहिलं तरी जातो.

बोकडाची मांडी घ्याल तर ती फार सुकते. खांदा घ्या, धूर लागला की थोड्या रश्शासकट फॉइलमध्ये बंद करा आणि हाड सुटेपर्यंत ठेवा.

घाईने कापणं

ब्रिस्केट काढल्यावर निदान तासभर तरी टॉवेलात गुंडाळून कोरड्या कूलरमध्ये ठेवा. आतलं तापमान १४० च्या खाली जाऊ देऊ नका. कापताना मांसाच्या तंतूंच्या रेषांना आडवं कापा. ब्रिस्केटचे दोन भाग एकावर एक असतात आणि त्यांच्या रेषा वेगवेगळ्या दिशांना जातात. म्हणून सपाट भाग संपून चरबीचा भाग सुरू झाला की तुकडा काटकोनात फिरवा आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप काढा.