पॅसिव्ह व्हॉइस: मराठी मीडियमवाल्यांनी आधी 'ने'चा घोळ मिटवा

बारावीला 'चेंज द व्हॉइस' आलं की माझे मार्क हमखास जायचे. इज ॲम आर, वॉज वेअर, सगळं टेबल तोंडपाठ होतं, पण समोरचं वाक्य ॲक्टिव्ह (करणारा पुढे) आहे की पॅसिव्ह (ज्यावर क्रिया झाली तो पुढे) हेच मला ओळखता यायचं नाही, आणि ते का हे खूप उशिरा कळलं.

'रामाने आंबा खाल्ला' हा आपल्याकडे कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं, पोळी असती तर 'खाल्ली' झालं असतं. मी 'ने' म्हणजे 'बाय' धरून चालायचो, त्यामुळे हे मला पॅसिव्ह वाटायचं. पण इंग्रजीत हे सरळ 'राम एट द मँगो', म्हणजे ॲक्टिव्ह! इंग्रजी पॅसिव्हच्या जवळचं मराठी म्हणजे 'आंबा खाल्ला गेला'. तो 'गेला' कानाला लागला की अर्धं काम झालं.

आता वाक्य करायचं कसं, तर ऑब्जेक्ट म्हणजे कर्म पुढे आणा, मग 'बी'चं रूप (इज, वॉज वगैरे), मग क्रियापदाचा थर्ड फॉर्म (राइट-रोट-रिटनमधला रिटन). टेन्स फक्त 'बी' सांभाळतो, थर्ड फॉर्म हलत नाही. इज रिटन, वॉज रिटन, विल बी रिटन. काम चालू असेल तर इज बीइंग रिटन, होऊन गेलं असेल तर हॅज बीन रिटन, बीइंग आणि बीनमध्ये माझी सगळ्यात जास्त गल्लत व्हायची म्हणून हे दोन वेगळे घोटा. झोपणं, येणं, जाणं यांना ऑब्जेक्टच नाही, तिथे पॅसिव्ह करत बसू नका. आणि 'आय बॉर्न इन नाशिक' लिहू नका प्लीज, मराठीत 'जन्मलो' असलं तरी इंग्रजीत 'आय वॉज बॉर्न'च.

'बाय' दरवेळी लागत नाही. केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये मी 'द सोल्युशन वॉज हीटेड बाय मी' लिहायचो आणि सर 'बाय मी' खोडायचे. गरम कुणी केलं याला तिथे महत्त्वच नाही, सोल्युशनचं काय झालं ते सांगायचंय. पॅसिव्ह कशासाठी असतो हे मला टेबलापेक्षा त्या खोडण्याने जास्त समजलं.

सरावाला इंग्रजी पेपरच्या हेडलाइन्स घ्या. 'थ्री अरेस्टेड' म्हणजे तिघांनी कुणाला पकडलं नाही, तिघांना अटक झाली, मधला 'वेअर' जागा वाचवायला गाळलेला असतो. तो भरून वाक्य वहीत पूर्ण लिहा. रोज पाच लिहिली तरी पुष्कळ.